भिवाने नारळ ओवाळला नव्हता

भिवा,

तुझ्यावर चार ओळी लिहून द्या, असं नाझरसाहेबांनी मला सांगितलं. चारच. आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिक पत्रात शेवटच्या पानावर तेवढीच जागा उरली आहे म्हणे. वर तिसरी ओळ त्यांनी तोंडीच सांगून टाकली, म्हणजे मला विचार करायचा त्रास नको: "अंतकाळी आपल्या पापाचा पश्चात्ताप करून प्रभूच्या ठायी विसावला."

मी मान डोलावली. ती डोलावण्यात माझा हात धरणारा ठाणे जिल्ह्यात कोणी नाही, हे तुला ठाऊकच आहे. घरी आलो, दौत उघडली, पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि तिसरीला टाक असा भिरकावला की भिंतीवर हातभर शाई उडाली. बायको आतून म्हणाली, "अहो, भिंतीनं काय केलंय?" भिंतीनं काही केलं नव्हतं. ज्यांनी केलं होतं त्यांच्यावर शाई उडवण्याची माझी छाती नव्हती, म्हणून भिंत.

त्या चार ओळी मी दिल्या नाहीत. त्याऐवजी हे लिहितो आहे. छापतील की नाही, देव जाणे. तुला वाचता येत होतं, ते मीच शिकवलं होतं, तेव्हा तुलाच उद्देशून लिहितो.

तू बाळकुमच्या धक्क्यावरून पलीकडे काशेलीला होडी नेणारा नावाडी, मी ठाण्यातल्या मिशनशाळेचा मास्तर आणि मंडळीचा चिटणीस. आपली ओळख चिखलात झाली. ओहोटीच्या वेळी धक्क्यापर्यंत पाणी नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी छत्री उघडून, धोतर सावरून, मोठ्या ऐटीत होडीकडे चालत निघालो आणि कमरेइतका खाली गेलो. तू फळीवर पालथा पडून मला बगलेत धरून उपसलंस. बाहेर निघाल्यावर मी पहिली गोष्ट काय केली? तुला शुभवर्तमानाचं चोपडं दिलं. चिखलानं लडबडलेलं. तू ते पुसलंस आणि म्हणालास, "मास्तर, आधी तू तोंड धू."

तू मला पहिल्या दिवसापासून तू म्हणालास. गोऱ्या पाद्रीलाही तूच म्हणालास, कलेक्टरच्या शिरस्तेदारालाही. प्रार्थनेत देवाला मात्र कधी कधी चुकून "शेट" म्हणायचास.

पुढे वर्षभर मी होडीत बसून तुला वाचून दाखवत गेलो आणि तू वल्हं मारत ऐकत गेलास. डोंगरावरचा उपदेश ऐकून तुझ्या तोंडावरची रेघ हलली नाही. पण वादळात शिष्य ओरडताहेत आणि प्रभू होडीच्या मागल्या बाजूला उशीवर झोपला आहे, हे ऐकलंस तेव्हा वल्हं थांबवलंस. "झोपला? उधानात?" मी म्हटलं, हो. "मंग त्याला होडीची सवय व्हती," तू म्हणालास. "हा मना पटला." बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या मंडळीच्या पाद्रीबाबांनी तुला विश्वासाची कलमं विचारली, तेव्हाही तू तेच सांगितलंस, आणि नाझरसाहेबांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. ते मी पाहिलं होतं, भिवा. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

नाझरसाहेब म्हणजे आमच्या मंडळीच्या चार पंचांतले मुख्य. ठाण्याच्या कोर्टात उभा जन्म नाझर म्हणून घालवला, आणि पेन्शन घेतल्यावर कोर्ट घरी आणता येईना म्हणून ते देवळात आणलं. माणूस वाईट नाही. हे वाक्य मी रोज सकाळी घोकतो आणि दुपारपर्यंत विसरतो.

आता त्या रविवारचं सांगतो. तुला सांगायची गरज नाही, तू होतास. पण मीही होतो, आणि मी होतो हेच मी जगाला कधी नीट सांगितलं नाही.

शनिवारी मी पलीकडच्या शाळेच्या कामासाठी काशेलीला गेलो होतो आणि तिथंच राहिलो. रविवारी सकाळी उपासनेला पोचायचं म्हणून काशेलीच्या धक्क्यावर आलो. अमावास्येचं उधाण होतं, वारा सुटला होता, खाडी घोड्यासारखी उसळत होती. तू उपासनेसाठी पांढरा अंगरखा घालून मला न्यायला होडीत बसला होतास. तेवढ्यात एक म्हातारी आणि दोन गडी एका पोरीला खाटेवर घालून घेऊन आले. पोर दोन दिवस अडलेली. तोंडावर रक्त म्हणून राहिलं नव्हतं. ठाण्याच्या सरकारी इस्पितळात न्यायची होती.

"उचला, ठेवा होडीत," तू म्हणालास.

म्हातारी आडवी झाली. तिच्या पदराखाली नारळ होता. खाडीला नारळ दिल्याशिवाय लेकीला होडीत बसू देणार नाही, म्हणाली. तिचा नवरा याच खाडीत गेला होता, आणि त्या दिवशी नारळ द्यायचा राहिला होता.

"आजी, मी किरिस्ताव हाय," तू म्हणालास.

"म्हनून तर भ्या वाटतं. तुजा देव कुठला कोन. त्याला ही खारी वलखते का?"

मी मध्ये पडलो. मास्तर ना मी! मूर्तिपूजेच्या व्यर्थतेवर मला चांगली पाऊण तासाची टिपणं पाठ होती. पहिलं वाक्य मी सुरूही केलं. तू माझ्याकडे असं पाहिलंस की दुसरं वाक्य माझ्या घशातच राहिलं. पोर कण्हली. म्हातारीनं नारळ काढला, पण तिचे हात असे कापत होते की तो सुटून होडीच्या तळाला गडगडला. तू वाकलास, उचललास, तिच्या ओंजळीत ठेवलास, तिच्या हातांखाली स्वतःचे हात धरलेस आणि तिला वाकवून पाण्यापर्यंत नेलंस. नारळ गेला. एवढंच. तू ओवाळला नाहीस. हात जोडले नाहीस. तोंडातून शब्द काढला नाहीस. काढलास तो एवढाच: "जालं, आजी? बस आता."

आणि होडी सोडलीस.

आता जे लिहितो ते आजवर बायकोलाही सांगितलं नाही. खाडीच्या मध्यावर आल्यावर लाट आत आली. मी पायातला इंग्रजी जोडा काढून पाणी उपसायला लागलो. मला पोहता येत नाही. मी मोठ्यानं प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, ती तुम्ही सगळ्यांनी ऐकली. पण ती तोंडानं चालू असताना मनात काय चाललं होतं, ते कोणी ऐकलं नाही. मनात मी खाडीला म्हणत होतो, बाई, ठाण्याला सुखरूप पोचव, माझ्याकडून दोन नारळ.

दोन! म्हातारीनं तर एकच दिला होता.

पोचलो. पोरीला मुलगी झाली, दोघी वाचल्या. तू अर्धी उपासना झाल्यावर कमरेपर्यंत भिजलेल्या अंगरख्यानं आलास आणि मागे बसलास. नाझरसाहेबांनी मान वळवून पाहिलं, आणि पाण्याचे डाग किती वरपर्यंत आहेत तेही पाहिलं असणार.

मी एवढ्यावर गप्प बसलो असतो तर तू प्रभूच्या मेजावरून उपाशी गेला नसतास. पण माझी जीभ! पंधरा दिवसांनी कल्याणला मंडळीतल्याच एका घरी लग्न होतं. जेवणं आटोपत आली होती, पंच एका ओळीत बसले होते, पोटं भरली होती आणि कोणीतरी म्हणालं, "मास्तर, एखादी गोष्ट होऊ द्या."

होऊ दिली. पानावरचा लाडू उचलला, तो नारळ केला. म्हातारीचं बोलणं केलं, तुझं केलं, खाडीचंसुद्धा केलं. लोक हसून लोळायला लागले. लोक हसले की मला काय होतं हे तुला माहीत आहे; ताडी प्यायलेल्या माणसालाही एवढं होत नाही. मग मी लाडू हातात घेऊन तीनदा ओवाळला, डोळे मिटले, हात जोडले आणि तुझ्या आवाजात म्हटलं, "खारीमाय, या मास्तराला बुडव, पन माजी होडी ठेव."

पंगत हसली. नाझरसाहेबही हसले. हसून झाल्यावर त्यांनी हात धुतले, आणि पुसता पुसता मला विचारलं, "भिवाने तीनदा ओवाळला म्हणता?"

तिथंच सांगायचं होतं. नाही हो, ते मी घातलं मीठमसाला म्हणून. सात शब्द झाले असते. पण आजूबाजूला लोक होते, अजून हसत होते, आणि ज्या गोष्टीवर माणसं एवढी हसली ती खोटी होती असं कसं सांगणार? मी म्हणालो, "म्हणजे... तसंच काहीसं."

तसंच काहीसं! या दोन शब्दांनी तुला खाल्लं, भिवा.

पंचांपुढे तुला उभं केलं तेव्हा कागद मीच लिहीत होतो. आरोप: बाळकुम येथील नावाडी भिवा याने नारळ तीन वेळा ओवाळून, हात जोडून, खाडीची पूजा केली. माझ्या अक्षरात. माझं अक्षर वळणदार आहे म्हणून तर मी चिटणीस. नाझरसाहेबांनी मला विचारलं, "चिटणीस, आपण होडीत हजर होतात. हे खरं?" मी दौतीत टाक बुडवत राहिलो. "असं म्हणता येईल," मी म्हणालो. म्हणता येईल! मीच तर म्हणालो होतो, मग येणार नाही कसं?

तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मला वाटलं, आता हा बोलणार. तू नाझरसाहेबांकडे वळलास. "नारल म्हातारीचा व्हता. हात मी धरले. बास."

"ओवाळला की नाही?"

"तुमी पंचांनी लिवलंय ना. मंग मना कशाला इचारतंस?"

"'मी मूर्तिपूजेचं पाप केलं, मला क्षमा व्हावी,' एवढं रविवारी मंडळीसमोर म्हणायचं. एक वाक्य. प्रकरण मिटलं."

"नाय बोलनार."

"का?"

तू जरा विचार केलास. "तिचे हात बर्फावानी गार पडलेवते. मी धरले. ते पाप हाय, असं बोललो तर ती म्हातारी पाप जाली. नाय बोलनार मी."

ठरलं. वाक्य म्हणेपर्यंत प्रभुभोजन बंद.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, आमच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं, तीन महिन्यांतून एकदा असतं. आदल्या शनिवारी सगळे सभासद देवळाच्या ओटीवर येतात आणि चिटणीस एकेकाला शिशाचा एक वाटोळा बिल्ला देतो. बिल्ला म्हणजे या माणसाचं आचरण पंचांनी तपासलं आहे याची खूण. रविवारी तो पंचांच्या हाती ठेवल्याशिवाय भाकरीला आणि प्याल्याला हात लावता येत नाही. गोऱ्या साहेबांच्या थंड मुलखातली ही चाल. तिकडे तिचा काय अर्थ असेल तो असो. इकडे तिचा अर्थ असा झाला की, ज्या मेजावर प्रभूनं स्वतःला शत्रूच्या हाती धरून देणाऱ्या शिष्यालाही बसवलं, त्या मेजावर बाळकुमच्या नावाड्याला जागा नाही.

तू काय केलंस? तू दर खेपेला शनिवारी येऊन रांगेत उभा राहिलास. हे मी कधी विसरणार नाही आणि तुला क्षमाही करणार नाही. दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी. तुझी पाळी आली की मी खाली पाहायचो.

"मास्तर, हाय का आज?"

"नाही रे."

"बरं." आणि धक्क्याकडे परत.

न येतास तर चाललं नसतं का? चिडून हिंदू झाला असतास, कॅथलिक झाला असतास, नाझरसाहेबांच्या दारात शिव्या देऊन आला असतास. पण नाही. तू यायचास, विचारायचास, आणि मला प्रत्येक वेळी नाही म्हणायला लावायचास. मी तुला एकदा हे विचारलंही. "का छळतोस मला?" तू म्हणालास, "मी कुठं छलतंय? भूक लागते म्हनून येतंय."

एकदा मी धीर केला. माझा धीर कसला असतो, तो बघ! रांगेत तुझ्या मुठीत गुपचूप बिल्ला सरकवला. संध्याकाळी तू माझ्या घरी येऊन तो माझ्या पाटावर ठेवलास. "चोरून जेवायला मी काय मांजर हाय?" मी म्हटलं, "अरे, पण खायला तर मिळालं असतं." तू म्हणालास, "मना बोलव. चोरू नको." त्यावर आपलं भांडण झालं. मी तुला अडेलतट्टू म्हणालो, तू मला काय म्हणालास ते मासिक पत्रात छापण्यासारखं नाही. ते भांडण तसंच राहिलं. माझं अजून म्हणणं आहे की तू घ्यायला हवा होतास. तू चुकलास, भिवा! आणि हे मला अजून घोकत बसावं लागतं, त्यावरून कळतं की चुकलो मी.

मग तो ताप आला. छाती भरली. तुझी बायको ठमावहिनी, तिनं दुपारी मला बोलावणं पाठवलं, मी शाळा सोडून आलो. पाद्रीबाबाही आले, आणि त्यांच्यामागे नाझरसाहेब. पाद्रीबाबांच्या खांद्याला पिशवी होती. त्या पिशवीत काय असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं: आजाऱ्यासाठी छोटा प्याला आणि फडक्यात बांधलेली भाकर. तुझी नजर पिशवीवर गेली. तिथून हललीच नाही.

"भिवा," पाद्रीबाबा म्हणाले, "एक वाक्य, बाळा. फक्त एक वाक्य म्हण, मी लगेच देतो."

तू डोळे मिटलेस. "पाद्रीबाबा, तू त्या होडीत असतास तर काय केलं असतंस?"

पाद्रीबाबांनी नाझरसाहेबांकडे पाहिलं. नाझरसाहेब म्हणाले, "असा प्रश्न इथं उद्भवत नाही."

उद्भवत नाही! माणूस मरतो आहे, पिशवी तीन हातांवर आहे, आणि प्रश्न उद्भवत नाही. मी काय केलं? मी तुला पाणी पाजलं. मला दुसरं काही येत नव्हतं. मानेखाली हात घालून पेला ओठाला लावला, तू एक घोट घेतलास, ठसका लागला आणि मान पुढे झाली. त्यानंतर थोड्याच वेळानं ते दोघं अंगणात गेले, कारण ठमावहिनी मोठ्यानं रडायला लागली होती आणि नाझरसाहेबांना रडणं सोसत नाही.

तेवढ्यात तू मला जवळ बोलावलंस. "मास्तर, तीनदा ओवालला हे तुजंच ना?"

मी पेला खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. तुज्या गोष्टीत सगलं तीनच असतं. साप तीन, चोर तीन. मी कागदात तीन आयकलं नि जानलं, ही मास्तराची गोष्ट."

"मग बोलला का नाहीस? पंचांसमोर का नाही सांगितलंस, हा खोटं बोलतो म्हणून?"

"बोललो असतो तर तुजी शाला गेली असती. खोटी साक्ष देनारा मास्तर कोन ठेवील? पोरं कुठं जातील मंग?" धाप लागली म्हणून थांबलास. "माजी होडी तर कोन घेत नवता."

होडी घेत नव्हते, पण दुसरं काय घेत होते, ते दोन वर्षं तू रांगेत उभा राहून मला दाखवत होतास. भिवा, तुला कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी मागितलं होतं? माझी शाळा गेली असती तर मी कुठंतरी कारकुनी केली असती, लोकांचे अर्ज लिहिले असते, वळणदार अक्षराला काय कमी आहे! तुझ्या या दयेचं मी काय करू? परत करता येत नाही, ठेवता येत नाही. मला खरंच वाटतं, तू मला त्या दिवशी भर पंचांत उघडं पाडायला हवं होतंस. मी तुझ्यावर चिडलो आहे. हे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. मी फक्त "पड जरा" म्हणालो. संध्याकाळ व्हायच्या आत तू गेलास.

अंगणात तुझ्या मातीचा प्रश्न निघाला. मंडळीबाहेर ठेवलेल्या माणसाला मंडळीच्या दफनभूमीत जागा देता येत नाही, असा नियम. नाझरसाहेबांना तो तोंडपाठ. तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, "त्यानं मान हलवली. मी पाहिलं. पश्चात्ताप आहे का, असं मी मनोमन विचारत होतो, आणि त्यानं मान हलवली." नाझरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "चिटणीस, आपण जवळ होतात."

मी मान डोलावली.

म्हणून तुला जागा मिळाली, भिवा. ठसक्यामुळे. माझ्या एका खोट्यानं तू बाहेर गेलास आणि पाद्रीबाबांच्या एका खोट्यानं आत आलास, आणि दोन्ही खोट्यांना मी साक्षीदार. तिसरी ओळ तिथून आली.

ती लिहिता येईना म्हणून मी आधी ठमावहिनीकडे गेलो. ती जाळं दुरुस्त करत बसली होती. सगळं सांगितलं. लाडू, तीनदा ओवाळणं, टाक, मान. ती ऐकत गेली आणि तिचे हात चालू राहिले. शेवटी एवढंच म्हणाली, "मना एकटीला कशाला सांगतंस? लगनात सगल्यांना सांगितलंस ना? सगल्यांना सांग."

"वहिनी, मानेचं खोटं होतं असं कळलं तर कबरीचा प्रश्न उठेल."

तिनं मान वर केली. "उकरूंदे. कोन उकरायला येतंय ते मना बगायचंय."

परवा रविवारी उपासना संपल्यावर मी उठलो. आणि काय झालं सांगू? मी "भिवाची एक गोष्ट सांगायची आहे" म्हणालो आणि मागच्या बाकांवर माणसं आधीच हसायला लागली. मास्तर उठला म्हणजे मौज! मी सांगायला लागलो. मी खाडीला दोन नारळ कबूल केले होते, इथपर्यंत आलो तेव्हा तर बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी थांबलो नाही. भिवानं ओवाळला नव्हता, म्हणालो. हात जोडले नव्हते. ते मी लाडवाशी केलं होतं. कागद मी लिहिला. मान ठसक्यानं हलली, पेला माझ्या हातात होता. हसू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर विझत गेलं. शेवटचा हसणारा एक म्हातारा होता, त्याला कमी ऐकू येतं.

नाझरसाहेब उभे राहिले. त्यांना राग आला नव्हता, हे विशेष. "चिटणिसांच्या आचरणाचा विचार पंच पुढच्या बैठकीत करतील," ते म्हणाले. "मयताविषयी म्हणाल तर, मयताच्या प्रकरणी फेरविचाराची तरतूद नाही."

"म्हणजे कागदावर तो तसाच राहणार?"

"जसा आहे तसा."

ठमावहिनी उठली आणि सरळ बाहेर गेली. तिच्यामागून बाळकुमची चार-पाच माणसं गेली. बाकीची बसून राहिली. मी त्यांना दोष देत नाही, मी दोन वर्षं बसलोच होतो.

बाहेर पाद्रीबाबांनी मला गाठलं. ते ज्या दिवसापासून मला ओळखतात त्या दिवसापासून ते मला "अहो मास्तर" म्हणत आले आहेत. परवा नुसतं "अरे" म्हणाले. "अरे, मी मानेचं बोललो ते तुझ्या भिवाला माती मिळावी म्हणून."

"ठाऊक आहे मला."

"दयेपोटी बोललो रे."

"पाद्रीबाबा, त्या दुपारी पिशवी तुमच्या खांद्याला होती. सोडली का नाही?"

त्यांचा हात आपसूक रिकाम्या खांद्याकडे गेला.

"नियमाला फसवायचा धीर तुम्हाला झाला," मी म्हणालो. "मोडायचा नाही झाला. तो भुकेला होता हो. दोन वर्षं भुकेला होता."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भर रस्त्यात, कोपरीकडे जाणाऱ्या गाड्या थांबून बघताहेत. त्यांनी माझा हात धरला. "मी सोडायला हवी होती," ते म्हणाले. "हवी होती मी सोडायला."

ते कशाची वाट पाहत होते, ते मला कळत होतं. असू द्या बाबा, एवढं मी म्हणायचं होतं. त्यांचं वय झालं आहे. तुझ्यावर त्यांचा जीव होता. तू त्या जागी असतास तर त्यांचे हात धरून बसला असतास. कोणाचे हात कापताना तुला बघवत नसत.

मी म्हटलं, "हो. हवी होती." आणि हात सोडवून चालू लागलो.

वळणावर मागे पाहिलं. ते तिथंच उभे होते, उन्हात, टोपी हातात घेऊन. मी परत गेलो नाही, भिवा. अजून नाही.